"एवढ्या खेपा मारायलाच पाहिजेत काय?"

काकूची सगळी फाईल एका पिशवीत असायची. बेळगावच्या खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाची पिशवी, बंद तुटला म्हणून सुतळीनं बांधलेली. आत कन्नडमधल्या रेशनकार्डाची झेरॉक्स, इंग्रजीतला बायॉप्सीचा रिपोर्ट आणि एका जुन्या वहीत काकूनं पेन्सिलीनं मराठीत मांडलेला हिशेब: तारीख, बसभाडं, चहा, औषध.

2016 चा पावसाळा होता. स्तनातली गाठ काढून झाली होती, केमो संपली होती आणि आता 'लाईट' द्यायची होती. रेडिएशनला आमच्याकडे हाच शब्द. शनिवार-रविवार सोडून रोज एक, अशा 25 वेळा. आधी गावातून खानापूर, मग खानापूरहून बेळगाव 26 किलोमीटर, आणि संध्याकाळी तसंच परत. यंत्राखाली झोपायचं ते काही मिनिटं. दहाव्या की अकराव्या खेपेला काकूनं डॉक्टरांना विचारलं, "सायेब, एवढ्या खेपा मारायलाच पाहिजेत काय?" डॉक्टर घाईत होते. तसा नियमच आहे, म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

काकूला वाटलं, आपण अडाण्यासारखं काहीतरी विचारलं. मला मात्र तो प्रश्न सोडेना. नेमक्या त्याच प्रश्नावर तेव्हा ब्रिटनमध्ये हजारो बायकांवर अभ्यास चालू होता, हे मला पुढं कळलं.

रेडिएशन तुकड्या-तुकड्यानं का देतात? किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. निरोगी पेशी मधल्या तासांत तो बऱ्यापैकी सांधून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून थोडा मारा, मग विसावा, मग परत मारा. पूर्वीची समजूत अशी की हे तुकडे जितके लहान तितकं निरोगी शरीर सुरक्षित. पण स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत थोड्या मोठ्या तुकड्यांनीही काम होतं असं हळूहळू दिसत गेलं. खेपा 25 वरून 15 वर आल्या. मग 2020 मध्ये ब्रिटनच्या 'फास्ट-फॉरवर्ड' या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. 4096 रुग्णांपैकी काहींना तीन आठवड्यांत 15 वेळा, काहींना एकाच आठवड्यात 5 वेळा किरण दिले होते. कर्करोग उलटण्याचं प्रमाण पाच खेपांच्या गटात जास्त नव्हतं. प्रत्येकीला हे लागू पडतं असं नाही. काखेतल्या गाठींनाही किरण द्यायचे असतील तर हिशेब वेगळा होतो, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पण 25 कुठं आणि 5 कुठं!

या चाचणीला पैसा दिला तो ब्रिटनच्या सरकारी आरोग्य-संशोधन निधीनं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. खेपा कमी झाल्यानं कुठल्या कंपनीचं औषध जास्त खपणार नव्हतं. बाईचे दिवस वाचणार, बसभाडं वाचणार, यंत्रापुढची रांग कमी होणार. असले प्रश्न बाजार विचारत नाही. ते विचारायला लोकांचा पैसा लागतो, आणि तो पैसा तिकडं वळवायला कुणीतरी हट्ट धरावा लागतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 पासून देशातल्या 11 केंद्रांत जवळजवळ 1600 बायकांवर एक चाचणी केली. ऑपरेशनच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिडोकेन टोचायचं. दात काढताना हिरडीत देतात, तेच हे भुलीचं औषध. कल्पना अशी की सुरीचा धक्का लागला की गाठीतल्या काही पेशी हलतात, निसटतात. त्यांच्या हालचालीला पेशीवरच्या सोडियमच्या बारीक दारांचा हातभार लागतो, आणि लिडोकेन नेमकी तीच दारं बंद करतं. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणाऱ्या बायका इंजेक्शनच्या गटात 86.6 टक्के होत्या, दुसऱ्या गटात 82.6. एकूण जगण्यातही फरक पडला: 90.1 विरुद्ध 86.4. म्हणजे शंभर बायकांमागे तीन-चार जणी जास्त, आणि तेही तालुक्याच्या दवाखान्यात कपाटात पडून असलेल्या औषधानं. या औषधाचं पेटंट कधीच संपलेलं आहे. कुठली कंपनी यासाठी 11 केंद्रं दहा वर्षं चालवेल? टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली येतं, म्हणून हे होऊ शकलं.

संशोधनाचा पैसा हट्टानं कसा मिळवायचा, याचा धडा अमेरिकेतल्या बायकांनी घालून दिला. 1991 मध्ये तिथं 'नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअ‍ॅलिशन' ही आघाडी उभी राहिली. त्या वर्षी जितक्या बायकांना हा रोग होईल असा अंदाज होता तितकी, म्हणजे 1,75,000 पत्रं सरकारला पाठवायची असं त्यांनी ठरवलं. जमली 6 लाखांवर. पुढच्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी 21 कोटी डॉलर मंजूर झाले, आणि ते चक्क संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून. पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. 1995 पासून त्या निधीचे प्रस्ताव तपासताना शास्त्रज्ञांच्या शेजारी रोगातून गेलेल्या बायका बसतात आणि त्यांनाही मत असतं. 'यानं बाईच्या आयुष्यात काय फरक पडेल?' हा प्रश्न तिथं अधिकारानं विचारला जातो. काकूचा प्रश्न अशा टेबलावर गेला असता तर 'नियमच आहे' एवढ्यावर मिटला नसता.

हे सगळं मुंबईत, परदेशात, आपल्या भागात कुठलं, असं कुणी म्हणेल. त्यांना मी बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांची गोष्ट सांगते. 2002 ते 2005 या काळात इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत 1620 बाळंतिणींवर एक चाचणी झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, अमेरिकेतले संशोधक आणि गावोगावच्या नर्सबाई. बाळंतपणानंतर निम्म्या जणींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. रक्त किती गेलं हे अंदाजानं सांगायचं नाही, म्हणून बाईच्या खाली प्लास्टिकचं कापड अंथरायचं, त्याच्या टोकाला मापाच्या रेघा असलेली पिशवी. रक्त पिशवीत उतरायचं आणि नर्सबाई रेघ वाचायची. अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. 2006 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अतिरक्तस्राव रोखण्यासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या खेड्यातल्या नर्सबाईंनी वाचलेल्या रेघांच्या जोरावर जगभरातल्या बाळंतिणींचे उपचार ठरायला मदत झाली. पैसा मात्र बाहेरचा होता: अमेरिकन सरकारची संशोधन संस्था आणि गेट्स फाउंडेशन.

म्हणजे माणसं आपल्याकडं आहेत, हात तयार आहेत. मग स्तनाच्या कर्करोगासाठी हे का नको? आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात 1,92,000 बायकांना हा रोग झाला आणि 98,000 हून अधिक दगावल्या. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं 1998 पासून दीड लाख बायकांवर केलेला अभ्यास सांगतो की नीट शिकवलेल्या आरोग्य सेविकेनं दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होतात. ना स्तनाचा एक्स-रे काढणारं मॅमोग्राफीचं यंत्र, ना वीज. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी 0.9 टक्के जणींनीच कधी स्तनाची तपासणी करून घेतली होती. मुंबईच्या वस्तीत जमलं ते निपाणीच्या विडीकामगार बायकांत आणि खानापूरच्या जंगलकडच्या वाड्यांत कसं जमेल, कुठल्या भाषेत सांगितलं तर बाई पुढं येईल, 'सुई लावली की गाठ पसरते' ही भीती कुणाच्या तोंडून निघाली तर जाते, हे सगळे संशोधनाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं इथंच शोधावी लागतील.

आमच्या भागाचा एक वेगळा पेचही आहे. बाई राहते कर्नाटकात, बायॉप्सी बेळगावला, ऑपरेशन कोल्हापूर नाही तर मिरजेला, पुढचा सल्ला मुंबईला. महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या 865 सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाची स्वतःची योजना आहे. बिलाची सोय दोन्हीकडून थोडीफार होते, त्याबद्दल वाद घालत बसण्याची माझी इच्छा नाही. पण बिल भागवणं वेगळं आणि संशोधन वेगळं. कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी, म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या रुग्णांची यादी, रुग्ण राहतो कुठं यावरून होते, उपचार कुठं झाले यावरून नव्हे. बाईचे कागद दोन राज्यांतल्या चार दवाखान्यांत विखुरले, तर तिची नोंद जुळवायला कुणीतरी चिकाटीनं या चारही दारांत जावं लागतं. बार्शीत 1987 पासून हे काम चालतं. देशातली ती पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, आणि तिथली माणसं गावोगाव फिरून माहिती गोळा करत आली. त्याला फार पैसा लागत नाही, पण दर वर्षी लागतो. 2020-21 मध्ये आपल्या देशानं संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च केला, आणि त्यातूनच सगळ्या शास्त्रांचं भागवायचं असतं.

म्हणून मागायला हवं. निवेदनं, सह्यांच्या मोहिमा, मोर्चे हे सीमाभागाला कुणी शिकवायला नको, आमच्या दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य त्यात गेलं. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्यावरच्या उद्योगांना नफ्यातली 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्यात आरोग्यही येतं. उद्यमबागेतल्या कारखानदारांकडं, साखर कारखान्यांकडं, आमच्या पतसंस्थांकडं ऑक्टोबरात स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीच्या गुलाबी फिती वाटण्यापेक्षा पाच वर्षांच्या नोंदणीचा खर्च मागावा असं मला कळकळीनं वाटतं. आणि जिथं पैसा मिळेल तिथं, तो कशावर खर्च करायचा हे ठरवताना रोगातून उठलेल्या दोन बायका बैठकीत हव्यात. नुसत्या सत्काराला नव्हे, मत द्यायला.

काकू आता बरी आहे. गेल्या वर्षी गावातल्या बचत गटाच्या बैठकीला मला घेऊन गेली. बोलायला म्हणून बोलावलं होतं, पण मी वही पुढं केली आणि म्हटलं, या रोगाबद्दल तुम्हाला काय विचारायचं ते सांगा, मी लिहून घेते. पहिली दहा मिनिटं कुणी बोलेना. मग काकूनंच सुरुवात केली. पंधरा-वीस प्रश्न झाले. एकीनं विचारलं, गाठ दुखत नसली तरी दाखवायची काय. एकीला जावेच्या केमोत गेलेले केस आठवले. सगळ्यात शेवटी दारात बसलेली एक तरणी बाई बोलली, तिच्या आईची केमो चालू होती: "दोन डोसांच्या मधल्या दिवसांत आईनं रोप लावायला चिखलात उतरलं तर चालतंय काय? घरात बसून ती जास्त खचायलीय."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.