वाकलेला प्रोपेलर कळवायचा की नाही? नियमांमागची पार्श्वभूमी

गोव्यात विमान अपघात म्हटला की आधी नौदल आठवतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये दाबोळीहून उडालेलं मिग-२९के वेर्ण्याजवळ पडलं. दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडले आणि पुढचा तपास नौदलाने आपल्या पद्धतीने केला. नागरी विमानांचे नियम तिथे लागूच होत नाहीत. इथला विषय नेमका दुसऱ्या टोकाचा आहे. दोन-चार आसनांचं विमान धावपट्टीवर आपटलं, कुणाला खरचटलंही नाही आणि उद्या ते पुन्हा उडवायचं आहे. हे कळवायचं का, आणि कुणाला?

या नियमांचं मूळ १९४४ च्या शिकागो करारात, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. अपघाताच्या चौकशीची जबाबदारी त्यातल्या २६ व्या कलमाने ठरवली आणि तपासाचे तपशील सांगणारं १३ वं परिशिष्ट १९५१ मध्ये आलं. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. दाबोळीची धावपट्टी त्यांनीच बांधली, तिथून दमण, दीव आणि कराचीला विमानं जात. भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम होते. मुक्तीनंतर भारतीय कायदे इथे टप्प्याटप्प्याने आले. या काळाबद्दल आपल्याकडे आठवणी पुष्कळ लिहिल्या जातात, पण आजच्या प्रश्नाला त्याचा फारसा उपयोग नाही.

उपयोग आहे तो २०१२ नंतरच्या घडामोडींचा. २०१० मध्ये मंगळुरूला विमान धावपट्टीबाहेर जाऊन १५८ जण गेले. तोवर परवाने देणारी यंत्रणाच बहुतेक तपासही करत असे. २०१२ मध्ये तपासाचे स्वतंत्र नियम आले, वेगळी तपास यंत्रणा उभी राहिली आणि २०१७ मध्ये ते नियम नव्याने लिहिले गेले. कळवण्याची जबाबदारी मात्र जुन्याच क्रमाने राहिली. आधी वैमानिक. तो कळवण्याच्या स्थितीत नसेल तर मालक, चालक कंपनी किंवा विमान भाड्याने घेणारा. अपघात भारतात घडला असेल तर मुदत २४ तासांची.

खरा गुंता आहे तो ‘अपघात’ कशाला म्हणायचं यात. जीवितहानी किंवा गंभीर इजा झाली तर वाद नसतो. विमानाच्या नुकसानीत मात्र परिशिष्टातल्या व्याख्येला अपवादांची लांब शेपटी आहे. रचनेची ताकद किंवा उड्डाणाचे गुणधर्म बिघडले आणि मोठी दुरुस्ती लागणार असेल तर तो अपघात. पण नुकसान एका इंजिनापुरतं असेल, प्रोपेलर, पंखाचं टोक, अँटेना, टायर, ब्रेक, काच एवढ्यावर भागलं असेल किंवा पत्र्याला बारीक पोचा आला असेल, तर तो अपघात नव्हे. पुढच्या आवृत्त्यांत ही यादी वाढतच गेली.

माझ्या मते घोळ या यादीच्या वापरात आहे. ती कशाला अपघात म्हणू नये हे सांगते. काय कळवू नये हे सांगत नाही. अपघात नसेल तर ती ‘घटना’ ठरते, आणि घटनाही नियामकाला, म्हणजे परवाने देणाऱ्या यंत्रणेला, कळवावीच लागते. पण धावपट्टीवर उभ्या माणसाला यादीतला ‘प्रोपेलर’ हा शब्द दिसतो आणि तो सुटकेचा श्वास टाकतो.

त्यात अमेरिकेत शिकून आलेल्यांची भर पडते. तिथल्या यादीत लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) आणि फ्लॅप्सचं (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचं) नुकसानही सरसकट वगळलेलं आहे. प्रोपेलरचं पातं तुटून उडालं तर लगेच कळवायचं, पण केवळ जमिनीला घासून तुटलं असेल तर त्यातूनही सूट. परिशिष्टातल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत गिअरचं फक्त किरकोळ नुकसान वगळलं आहे. म्हणजे चाकं न उघडता पोटावर उतरलेलं विमान तिकडे कदाचित अपघातांच्या आकड्यात येणार नाही, इकडे येऊ शकेल. तिकडची सवय घेऊन आलेला वैमानिक इथे मुद्दाम लपवतोच असं नाही. त्याला ते कळवण्याजोगं वाटतच नाही.

सेसना १७२ या छोट्या विमानाचं नाकाचं चाक फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीच्या, खालच्या भागाला जोडलेलं असतं. विमान उतरताना उसळलं आणि नाकावर आदळलं तर बाहेरून प्रोपेलरचं टोक वाकलेलं दिसेल, फार तर टायर फुटलेला. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून पाहिलं तर फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती पडलेली सापडू शकते. ती रचनेची इजा आहे, म्हणजे व्याख्येप्रमाणे अपघात. प्रोपेलर जमिनीला लागून इंजिन झटक्यात थांबलं तर क्रँकशाफ्टकडचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याकडचा) भागही तपासावा लागतो, आणि इंजिन बनवणारे तसं लेखी सांगतात. न उघडता ‘किरकोळ’ ठरवायचं कसं? २४ तास मात्र आदळल्यापासून मोजले जातात, काउलिंग काढल्यापासून नव्हे.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण फारसं कुणी उघड बोलत नाही. अपघाताची खबर जिल्हा दंडाधिकारी आणि जवळच्या पोलीस ठाण्यालाही द्यायची असते. तपासाचा हेतू फक्त प्रतिबंध, दोष ठरवणं नव्हे, असं परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ठाण्यात जायचं म्हटलं की फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षकाला हा हेतू आठवत नाही. ही तरतूद १९३७ च्या नियमांतून तशीच पुढे आली आहे. छोट्या विमानांपुरती ती सैल करायला हवी होती, असं मला वाटतं.

दुसरी फट वजनाची. २२५० किलोच्या वरच्या किंवा टर्बोजेट (जेट इंजिनाच्या) विमानाचा अपघात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला (आयकाओ) कळवावा लागतो. सेसना १७२ भरून साधारण ११०० ते ११५० किलोची. त्यामुळे लहान विमानांचं जगभरचं चित्र त्या त्या देशाच्या दप्तरावरच अवलंबून राहतं.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. त्याच महिन्यात पेडण्यातल्या केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट, दोघेही दगावले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पॅराग्लायडिंग, मायक्रोलाइट, पॅरामोटर यांच्यासाठी केंद्राचं हवाई क्रीडा धोरण २०२२ मध्येच आलं होतं. सेसनाला निदान नोंदणी क्रमांक आणि लॉगबुक असतं. किनाऱ्यालगत उडणाऱ्या पॅराग्लायडरची दोरी आदल्या आठवड्यात झिजली होती की नाही, हे त्या व्यावसायिकाने स्वतः लिहून ठेवलं असेल तरच कळतं.