उलांडी एक की दोन? कयाकवरच्या घरगुती शिडाची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईत प्लास्टिकच्या कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद छोट्या होडीवर, घरी केलेलं शीड चढवणारी मंडळी बोटांवर मोजण्याइतकीच. पण त्यांच्यात एक प्रश्न निघाला की चहा गार होतो : उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेला तरंगता आधार, एक लावायची की दोन? या प्रश्नामागे थोडा इतिहास आहे आणि बराचसा एका शब्दाचा घोळ.

लांबचा भाग आधी उरकून घेऊ. ठाण्याच्या खाडीला शीड नवं नाही. १६५७ नंतर कल्याण-भिवंडीत आरमारी जहाजं बांधली जाऊ लागली. पुढे मीठ आणि रेती वाहणारे पडाव-मचवे याच पाण्यातून ये-जा करत. १८५४ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली आणि माल हळूहळू पाण्यावरून रुळांवर गेला. १९५०-६० च्या सुमारास मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं बसू लागली, तशी शिडं माळ्यावर गेली. डोलकाठी, परबाण (शीड बांधायची तिरकी काठी) हे शब्द म्हाताऱ्या कोळ्यांच्या तोंडी अजून ऐकू येतात. नुसतं ‘डोल’ म्हटलं तर मात्र समोरचा जाळ्याबद्दल बोलू लागतो.

कयाकवरचं शीड आलं ते वेगळ्याच वाटेने. १८६५ मध्ये एका स्कॉटिश वकिलाने ओकच्या फळ्यांची छोटी कनू, म्हणजे कयाकसारखीच निमुळती होडी, बांधून घेतली, दोन पात्यांचं वल्हं आणि एक लहानसं शीड घेऊन तो युरोपातल्या नद्या हिंडला. तिथून हौशी लोकांनी शीड, सुकाणू, सरकती बैठक असं एकेक जोडत नेलं. १९४० च्या दशकात अमेरिकेत फळीसारख्या चपट्या बोटींवर ७५ चौरस फुटांचं तिरकं शीड आलं, तेही मुळात कनूचंच. आज आपल्याकडचा माणूस त्या शिडाचा नकाशा इंटरनेटवरून उतरवून घेतो आणि वरच्या तिरक्या काठीला ‘अप्पर स्पार’ म्हणतो. ऐरोलीच्या जेट्टीवर एका आजोबांनी त्याच काठीकडे बोट दाखवून विचारलं, “परबाण कशाचं केलंय?” पडद्याच्या ॲल्युमिनियम पाइपचं होतं.

आणखी एक तारीख या मंडळींच्या जिभेवर असते. १९५६ मध्ये एक जर्मन डॉक्टर घडीच्या कयाकमधून ७२ दिवसांत एकट्याने अटलांटिक पार करून गेला. त्याने आधाराला बाजूला बांधली होती रबरी ट्यूबच्या तुकड्याची उलांडी. घरगुती जुगाडाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नको. पण ती उलांडी एकच होती, हे दोनवाले सोयीने विसरतात.

आपल्याकडचा खरा किस्सा टाळेबंदी उठल्यानंतरचा. तीन मीटरची, वीस-पंचवीस किलोची, वर बसायची कयाक घरपोच मिळू लागली. दुपारी वायव्येचा वारा सुटला की वल्हवून हात भरून यायचे, म्हणून शीड. तयार संच परदेशातून मागवायचा तर कयाकपेक्षा महाग, म्हणून हार्डवेअरचं दुकान. पहिली शिडं निवडणुकीच्या उतरवलेल्या फ्लेक्सची होती. खाडीत उमेदवार हात जोडून झुकताना दिसायचा. फ्लेक्स उन्हात ताणला जातो, घडीवर तडकतो, म्हणून लवकरच ताडपत्री आली, आणि ती मंडपाचं कापड शिवणाऱ्याकडून दुहेरी शिवून घ्यायची पद्धत पडली. पुली कुठून? बाल्कनीत छताला टांगून कपडे वाळत घालायच्या दांड्यांचा जो संच मिळतो, त्यातली नायलॉनची. दोरी अडकवायचा दोन शिंगांचा आकडाही त्याच पाकिटात येतो. शीड चढवायची, उतरवायची आणि अडकवायची सगळी सोय दोनशे-चारशे रुपयांत.

अडचण डोलकाठीच्या बुडाशी. कयाकचं पॉलिथिन कुठल्याच गोंदाला धरत नाही, इपॉक्सी लावा नाहीतर आणखी काही, दोन दिवसांत पापुद्रा सुटतो. म्हणून मोठे वॉशर, खाली रबर आणि आरपार बोल्ट. काहींनी पाणी निघून जायच्या भोकात पाइप उभा केला. त्या भोकाची भिंत मोसमभरात चिरते आणि पाणी पोटात शिरतं. माझ्या कयाकचं तेच झालं. कोलशेतला किनाऱ्यावर उलटी केली तेव्हा बादलीभर निघालं.

आता शब्दाकडे. इंग्रजीत आउटरिगर म्हणतात त्याला दक्षिण कोकणात उलांडी म्हणतात : होडीला समांतर तरंगणारा ओंडका, दोन आडव्या दांड्यांनी जोडलेला. ठाण्याच्या खाडीतल्या होड्यांना ती मी कधी पाहिली नाही. शब्द इथे आला तो रत्नागिरी-मालवणहून ठाण्यात स्थायिक झालेल्यांच्या तोंडून. ज्यांना तो नवा होता त्यांना उलंडणं, म्हणजे कलंडणं, आठवलं. एकाने तर “उलांडी लावू नका, नावातच अपशकुन आहे” असं गंभीरपणे सांगितलं. दुसरा घोळ जास्त महागात पडला. कोणी नुसत्या ओंडक्याला उलांडी म्हणतं, कोणी दांड्यांसकट सगळ्या सांगाड्याला. कळव्यातल्या एका फॅब्रिकेटरला “दोन उलांड्या” सांगितल्या, तर त्याने चार आडव्या दांड्यांचे दोन वेगवेगळे सांगाडे करून ठेवले. हव्या होत्या आरपार जाणाऱ्या दोन दांड्या आणि टोकांना दोन नळ्या. आम्ही पैसे दिले आणि गप्प बसलो.

या घोळामुळे मूळ प्रश्न झाकला गेला. दोनवाल्यांचं म्हणणं सरळ आहे : डावी-उजवी एकेक नळी, वारा कुठूनही येवो, होडी कलंडत नाही. खरं आहे. पण मग रुंदी दोन मीटरच्या आसपास जाते, जेट्टीच्या पायऱ्यांशी लागत नाही, वल्हं दांड्यांवर आपटतं आणि ओहोटीच्या चिखलात दोन्ही नळ्या रुततात. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो, तेव्हा चिखल ही नेहमीची गोष्ट. माझं मत एकीच्या बाजूने आहे, ते लपवत नाही.

एकीवाले मात्र सुरुवातीला सपाटून आपटले. सगळ्यांनी ड्रेनेजचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप घेतला, दोन्हीकडे टोपणं लावली. असा पाइप मीटरला साडेनऊ लिटर पाणी सारतो. १.८ मीटरला १७ लिटर. स्वतःचं वजन ३ किलो वजा जाता खाली दाबला तर १४ किलोचा आधार. आता दोन चौरस मीटरच्या शिडावर तासाला १८ किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण ४ किलोचा जोर येतो, तोही पाण्यापासून सव्वा मीटर उंचीवर. नळी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे वारा होडीला जिकडे कलंडवतो तिकडे, असली की काम फत्ते. परतीच्या फेरीत वारा नळीकडून आला की आधार उरतो तो फक्त तिच्या वजनाचा, म्हणजे ३ किलोचा. नळी हवेत, माणूस पाण्यात. वाशीच्या बाजूला एका दुपारी तीन जण असे ओळीने पडले.

कोकणातला ओंडका असा पडत नाही, कारण तो पोकळ नाही. पाण्याच्या निम्म्या घनतेचं लाकूड दाबायला जेवढं जड, उचलायलाही तेवढंच जड. आम्ही आकार उचलला, वजन मागे ठेवलं. उपाय सापडला तो हिशेबातून : पाइपचा तिसरा हिस्सा पाण्याने भरा. मग उचलायला आणि दाबायला दोन्हीकडे सुमारे साडेआठ किलो लागतात, बरोबर ओंडक्यासारखे. वारा दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, तिथे हीही अपुरी. तेव्हा शीड गुंडाळायचं.

जागेचाही प्रश्न मध्येच आला. खाडीचा पश्चिम काठ २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि २००८ च्या हल्ल्यानंतरची किनाऱ्यावरची विचारपूस होतीच. शीड दिसलं की “ही होडी आहे की खेळणं?” हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे बरेच जण उल्हास नदीच्या बाजूला, गायमुख-घोडबंदरकडे सरकले. तिथे दोन्हीकडे डोंगर, वारा झटक्यांनी येतो, आणि उलांडीतलं पाणी झटक्यासरशी एका टोकाला धावतं. नळीचं नाक बुडतं.

त्यावर सध्या चालू असलेली युक्ती अशी : पाणी सुटं न भरता लिटरच्या पाच-सहा भरलेल्या बाटल्या पाइपमध्ये ठराविक अंतराने सरकवायच्या, मध्ये थर्माकोलचे तुकडे ठोसायचे, टोकाला आट्यांचं टोपण. घरी निघताना टोपण उघडायचं, बाटल्या रिकाम्या करायच्या, पाइप गाडीच्या टपावर बांधायचा.