पाणी आणि मैलापाणी केंद्रांतली वीजबचत (पुणे)

पाणी शुद्ध करून घरापर्यंत पोचवायला, आणि तेच घाण होऊन परत आलं की पुन्हा साफ करायला जी वीज लागते ती काम तेवढंच ठेवून कमी करणं, एवढाच हा विषय. पुणेकरांची त्याच्याशी गाठ पडते ती बहुतेक गुरुवारी, पर्वती, वडगाव किंवा लष्कर जलकेंद्रात 'विद्युत व पंपिंगविषयक' कामं म्हणून पाणी बंद असतं तेव्हा. शुद्धीकरण म्हटलं की आपल्याला तुरटी आणि क्लोरीन आठवतं, पण बिल चढतं ते पंपांमुळे.

हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला 0.27 युनिट लागणारच, त्यात कुणी सूट देत नाही. पंप-मोटर मिळून 70 टक्के कार्यक्षम असतील तर मीटरवर 0.39 पडतं आणि झिजून 50 टक्क्यांवर आले की 0.55 च्या घरात, आणि पाणी तर तेवढंच. वर पाइपलाइन गळत असेल तर त्या गळतीत पाण्याबरोबर वीजही गेलीच.

दुसरी खोड म्हणजे पुढं वस्ती वाढेल म्हणून आधीच मोठा पंप घ्यायचा आणि मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवायचा. कधीकधी अशा व्हॉल्व्हजवळ उभं राहिलं की आत खडी वाहतेय असा आवाज येतो, ती आपली वीज. यावर हल्ली सगळे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा म्हणतात, स्पीड 80 टक्के केला की पॉवर जवळपास निम्मी होते वगैरे, पण हे गणित जुळतं ते पाइपातलं घर्षण जास्त असेल तिथं. पुण्यात टाक्या टेकड्यांवर, म्हणजे चढच मोठा, तिथं एवढा फायदा होत नाही, त्यापेक्षा इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) कापून घेणं किंवा मापाचा पंप बसवणं बरं.

मैलापाण्यात खरा खादाड ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारा पंखा. जिवाणूंना हवा द्यायलाच बऱ्याच केंद्रांत निम्मी किंवा जास्त वीज जाते. टाकीत ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो, सेन्सर लावून ब्लोअर तेवढाच चालवला की बचत दिसते. टाकीच्या तळाशी हवा सोडणाऱ्या डिफ्युझरचे बुडबुडे जेवढे बारीक तेवढा ऑक्सिजन जास्त मुरतो. टाकीत एकाच जागी पाणी उकळल्यासारखं उसळत असेल तर डिफ्युझरचं रबर फाटलंय समजा. गाळ डायजेस्टरमध्ये, म्हणजे बंद टाकीत, कुजवून निघणाऱ्या मिथेनवर जनरेटर चालतो, ती वीज केंद्रातच वापरता येते. शहरात जायका (जपानी मदतसंस्था) प्रकल्पाची 11 नवी केंद्रं, एकूण 396 एमएलडीची (रोज तेवढे दशलक्ष लिटर), त्यामुळे नदीसाठी चांगलंच, पण ब्लोअरही तेवढे वाढणार.

सोसायट्यांच्या एसटीपीत (त्यांच्या छोट्या मैलापाणी केंद्रांत) मात्र बचत म्हणजे रात्री ब्लोअर बंद. सकाळी तळमजल्यावर वास येतो, जिवाणू गुदमरलेले असतात, आणि टँकरवाल्याला फोन जातो.