पेशावर ते परमिट रूम: हॉटेलातल्या पंजाबी जेवणामागचा इतिहास

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावातल्या हॉटेलातही मेनूकार्ड उघडलं की पंजाबीचं पान हमखास असतं. पनीर बटर मसाला, काजू करी, मेथी मटर मलई, दाल फ्राय, बटर नान. वाढदिवस असो, पहिला पगार असो की लांबचे पाहुणे आलेले असोत, ‘आज बाहेर जेवू’ असं ठरलं की बहुतेक मराठी घरांचं बोट याच पानावर जातं. हे पान आपल्यापर्यंत पोचवलं ते फाळणीत घरदार गमावलेल्या माणसांनी. आणि त्यावरचे निम्म्याहून अधिक पदार्थ पंजाबातल्या घरांत रोज शिजत नव्हते. तृप्त होऊन उठताना त्या माणसांची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात तंदूरपासून करावी लागते. पंजाबच्या खेड्यांत तंदूर सामाईक असायचा, त्याला म्हणायचे सांझा चुल्हा. संध्याकाळी बायका घरून मळलेली कणीक परातीत घेऊन यायच्या, आपापल्या रोट्या लावून घ्यायच्या आणि तेवढ्यात चार सुखदुःखाच्या गोष्टी व्हायच्या. तंदूर मुख्यतः रोटीसाठी होता. त्याच भट्टीत दही-मसाला लावलेली कोंबडी सळईला ओवून भाजायची, या पद्धतीचं श्रेय बहुतेक जण कुंदनलाल गुजराल यांना देतात. पेशावरमध्ये मोखासिंग लांबा यांचं ‘मोती महल’ नावाचं छोटं खाणंपिण्याचं दुकान होतं. गुजराल तिथे कामाला होते. कुंदनलाल जग्गी आणि ठाकूरदास मागो हेही पेशावरचेच.

१९४७ मध्ये पेशावर पाकिस्तानात गेलं आणि हे तिघे दिल्लीत येऊन पोचले. ती दिल्ली कशी होती, हे आकड्यांतूनच समजतं. १९४१ च्या जनगणनेत जेमतेम सव्वानऊ लाख वस्तीचा हा प्रदेश १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या जवळ गेला. छावण्या, तंबू, फुटपाथवरची दुकानं. शेती मागे राहिली होती, दुकानं मागे राहिली होती. ज्याच्या हातात जे कसब होतं, त्यावर उभं राहायचं होतं. रांधून विकायला भांडवल थोडं लागतं आणि पैसा त्याच दिवशी हातात येतो, म्हणून कित्येक निर्वासित कुटुंबं या धंद्यात आली. गुजराल, जग्गी आणि मागो यांनी दर्यागंजमध्ये जुन्याच नावाने ‘मोती महल’ सुरू केलं.

बटर चिकनचा जन्म इथलाच सांगितला जातो. तंदूरमधली कोंबडी दिवसभर टांगून राहिली की कोरडी पडते आणि तेव्हा हॉटेलात फ्रीज नसायचे. उरलेला माल टाकून देणं परवडणारं नव्हतं. मग टोमॅटो, लोणी आणि मलईच्या रश्शात ते तुकडे सोडले. हीच युक्ती काळ्या उडदालाही लागू पडली. पंजाबी घरातली अख्ख्या उडदाची डाळ, माँ दी दाल, मंद आचेवर तासन्‌तास शिजते. तिच्यात टोमॅटो, लोणी आणि मलई पडली आणि दाल मखनी तयार झाली. नेहरूंच्या काळात परदेशी पाहुण्यांना मोती महलचं जेवण दिलं जाऊ लागलं, आणि एका निर्वासिताच्या हॉटेलातलं अन्न देशाचं अन्न म्हणून जगापुढे गेलं.

हे पदार्थ नेमके कोणाचे, यावर आता कोर्टकचेरी चालू आहे. २०१९ मध्ये जग्गींच्या वारसांपैकी एकाने ‘दर्यागंज’ नावाने हॉटेलं काढली आणि बटर चिकन व दाल मखनीचे जनक म्हणून जाहिरात केली. जानेवारी २०२४ मध्ये गुजराल कुटुंबाचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात सुनावणीला आला. कागदपत्रं २,७५२ पानांची आणि नुकसानभरपाईची मागणी २ कोटी रुपयांची. पातेल्यात पहिल्यांदा टोमॅटो कोणी घातला हे न्यायालय ठरवेल न ठरवेल, पण दोन्ही कुटुंबं एकाच शहरातून एकाच वर्षी उखडली गेली आणि एकाच स्वयंपाकघरात उभी राहिली, हे मला त्या वादापेक्षा मोठं वाटतं.

मुंबईतली कथा थोडी वेगळी. इथे पंजाबी जेवण फाळणीच्या आधीपासून थोडंफार होतं. दादरला स्टुडिओंच्या आसपास सिनेमात काम करणारी पंजाबी मंडळी राहायची आणि त्यांच्यासाठी ‘प्रीतम’सारखी हॉटेलं चालायची. फाळणीनंतर सायन-कोळीवाड्यात पंजाबी निर्वासितांची वस्ती झाली. आज त्या स्टेशनाचं नाव गुरु तेगबहादूर नगर आहे. बेसन, ओवा आणि लाल तिखट लावून मासे तळायची उत्तरेकडची पद्धत त्यांनी इथल्या कोळंबीला लावली, आणि ‘प्रॉन्स कोळीवाडा’ देशभर गेलं. नाव आपल्या कोळ्यांचं, हात पंजाब्यांचे. १९५६ मध्ये चर्चगेटला ‘गेलॉर्ड’ उघडलं. ते पैसेवाल्यांचं. मध्यमवर्गीय मराठी माणूस तेव्हा खाणावळ, इराणी आणि उडुपी या तिघांतच फिरत होता.

त्याच्यापर्यंत पंजाबी जेवण पोचवलं ते उडुपीवाल्यांनी, ही या सगळ्यातली मला सर्वात विलक्षण वाटणारी गोष्ट. इडली-डोशावर सकाळ आणि दुपार निघते, पण रात्रीच्या कुटुंबाच्या बिलाला पोट भरेल असं काहीतरी हवं. शेट्टी मंडळींनी मागच्या बाजूला तंदूर बसवला आणि मेनूकार्डात पंजाबीचं पान जोडलं. दारूबंदीचा १९४९ चा कायदा व्यवहारात सैल होत गेला तशी परमिट रूम वाढली. तिथे चिकन टिक्का आणि तंदुरीला पर्याय नव्हता. माल मिळणंही सोपं होत गेलं. १९७० मध्ये दुग्धक्रांतीची मोहीम सुरू झाली, डेअऱ्या वाढल्या आणि पनीर शहराशहरांत मिळू लागलं. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, तिचा कारभार पुढे पुण्यातून चालू लागला आणि ब्रॉयलर कोंबडी आवाक्यात आली. हरितक्रांतीचा गहू होताच.

पनीरने आणखी एक मोठं काम केलं. शाकाहारी माणसाला हॉटेलात ‘स्पेशल’ म्हणून मागवण्यासारखं आधी फारसं काही नव्हतं. बटाट्याची भाजी खायला कोण बाहेर जाणार? एका टेबलावर एकाला चिकन आणि दुसऱ्याला तितक्याच मानाचं पनीर मिळू लागलं, तेव्हा सोवळं-ओवळं पाळणाऱ्या आजीसह अख्खं घर बाहेर जेवायला येऊ शकलं.

या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात एकदा तरी डोकवावं. गिऱ्हाईक यायच्या आधीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार असतात. लाल ग्रेव्ही कांदा-टोमॅटोची. पांढरी ग्रेव्ही उकडलेला कांदा, काजू आणि मगज बी वाटून केलेली. मखनी ग्रेव्ही टोमॅटो, काजू आणि लोण्याची. ऑर्डर आली की कढईत चमचाभर लोणी, आलं-लसूण, एक-दोन डाव ग्रेव्ही, त्यात पनीर किंवा मटार किंवा कोफ्ते, तळहातावर चुरडलेली कसुरी मेथी, वरून मलई. पाच-सात मिनिटांत ताट बाहेर. शेजारी तंदूरवाला लाटलेली रोटी कापडी गादीवर ताणतो, हात खांद्यापर्यंत धगीत घालून ती भिंतीला थापतो आणि फुगल्यावर दोन सळयांनी उचलतो. दोन-तीन पातेल्यांतून पन्नास पदार्थ उभे करणं हे धंद्याचं मोठं शहाणपण आहे. पण पन्नास पदार्थांची चव एकसारखी लागते तीही त्यामुळेच. व्हेज कोल्हापुरी आणि व्हेज मराठा याच पानावर आले ते याच पातेल्यांतून. कोल्हापुरातल्या कुठल्या घरात तसली भाजी शिजत नाही.

घरचं पंजाबी जेवण मात्र या पानाबाहेरच राहिलं. पकोडे घातलेली कढी, उडदाच्या वड्यांची भाजी, भरली कारली, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भाजी, सरसों दा साग. यातलं बरंचसं आपल्या झुणका-भाकरीइतकंच साधं. काही हॉटेलं आता हिवाळ्यात साग आणि मक्याची रोटी ठेवतात. मिळाली तर पनीर एक दिवस बाजूला ठेवून जरूर मागवावी. आणि नांदेडला जाणं झालं, तर सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये पंगतीत बसावं. तिथे डाळ-रोटी मिळते, कोणालाही, पैसे न घेता.