ग्रहण आणि नडगी

चोपड्याकडच्या एका लग्नात दोन वर्षांच्या मुलाची नडगी वाकलेली दिसली. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘गिऱ्हान लागनं व्हई.’ ग्रहण अख्ख्या जिल्ह्याला लागतं, मग पाय एकाच पोराचा का वाकावा?

नडगी मागे आणि आतल्या बाजूला वाकलेली असेल तर ती बहुतेकदा वाढीबरोबर सरळ होत जाते. पुढे आणि बाहेर वाकलेली मात्र घातकी. ती बहुतेकदा एक दिवस मोडते आणि प्लास्टरने जुळत नाही. मोडल्या जागी हाड हलतच राहतं, म्हणून याला जन्मजात खोटा सांधा म्हणतात. आजार फार दुर्मीळ.

दोष हाडापेक्षा त्याच्यावरच्या सालीत, म्हणजे अस्थिवेष्टनात असतो. एरवी मोडलेलं हाड जोडायला पेशी पुरवते ती हीच साल. इथे ती जाड, चिवट झालेली असते. यातल्या साधारण निम्म्या मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार असतो. अंगावरचे दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग ही त्याची खूण. त्यात बिघडतं ते १७व्या गुणसूत्रावरचं एनएफ१ जनुक. एरवी ते पेशींना वाढायला लावणाऱ्या ‘रास’ नावाच्या प्रथिनाला ब्रेक लावतं. ब्रेक गेला की सालीतल्या पेशी वाढत सुटतात, पण हाड घडवत नाहीत, तंतूच विणतात. वर हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशीही जोरात. अशा जागी नुसती सळई घालून काय होणार?

म्हणून सर्जन आधी ती रोगट साल कापून काढतात, हाडाच्या पोकळीत सळई घालतात, कमरेच्या हाडाचा चुरा भरतात. मला सगळ्यात आवडते ती पुढची युक्ती: नडगी आणि शेजारचं बारीक हाड या दोघांमध्येही चुरा भरून दोन्ही एकत्र सांधायची. दोन बांबू सुटे धरा, प्रत्येक आपापला वाकतो. तेच अंतर ठेवून पक्के जखडले, तर दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त ताठ होतात, कारण वाकण्याला होणारा विरोध मध्यरेषेपासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. जोड जितका रुंद, तितकी पुन्हा मोडण्याची भीती कमी.

हाडवैद्याची मालिश त्या सालीपर्यंत पोचत नाही. आणि न मोडलेली अशी नडगी कुणी ‘कापून सरळ करू’ म्हणालं तर आधी दुसऱ्या बालअस्थितज्ज्ञाला विचारा, कारण कापलेली जागाच खोटा सांधा बनू शकते. तोवर ब्रेस, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारा साचा, घालायचा. शस्त्रक्रियेनंतरही ब्रेस सुटत नाही. पोर उंच होतं, सळई तोकडी पडते, ती बदलावी लागते.