पेटंट कडक असेल तरच तंत्रज्ञान येते का? एक खुलासा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्यांविषयी बोलताना ‘पेटंटचा कायदा कडक झाला म्हणून आपल्याकडे तंत्रज्ञान आले, त्याआधी नुसती नक्कल चालायची’ असे विधान वर्षानुवर्षे ऐकू येते. घटनांचा क्रम मात्र उलटा आहे.

१९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार थेट औषधावर पेटंट मिळत असे, आणि तेव्हा बाजारावर परदेशी कंपन्यांचाच वरचष्मा होता. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेला १९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ रोजी लागू झाला. त्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट ठेवले, तेही फार तर ७ वर्षांचे. तेच औषध वेगळ्या मार्गाने बनवणे त्यामुळे कायदेशीर झाले. असा मार्ग शोधणे म्हणजे झेरॉक्स काढणे नव्हे: कच्चा माल बदलला की विद्रावक, तापमान, स्फटिक धरण्याची वेळ, सारेच नव्याने बसवावे लागते, आणि प्रयोगशाळेतल्या चंबूत जमलेली क्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये अनेकदा बिनसते. आपल्या रसायनतज्ज्ञांचा हात बसला तो यातच.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये औषधांवरची पेटंट परत आली, तेव्हा हा उद्योग उभा होताच. २००१ मध्येच सिप्ला या भारतीय औषध कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला होता. बड्या औषध कंपन्यांचे माहेरघर असलेल्या खुद्द स्वित्झर्लंडनेही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत औषधांना पेटंट दिले नव्हते, हे सांगितले की समोरचा सहसा विषय बदलतो.