ओळख चोरीला गेली तर निस्तरायचं कुणी?

कागद बारीक फाडून टाका, नंबर कुणाला देऊ नका, खात्यांवर लक्ष ठेवा. ओळखचोरी, म्हणजे आपली माहिती वापरून दुसऱ्याने आपल्या नावावर व्यवहार करणं, टाळायची तर आपली काळजी आपणच घ्यायची, हा सल्ला अमेरिकेत इतका अंगवळणी पडलाय की तो पूर्वापार चालत आला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ही जबाबदारी माणसाच्या गळ्यात टप्प्याटप्प्याने पडली, आणि त्याचं मूळ आहे सोशल सिक्युरिटी नंबरात.

हे नऊ आकडी नंबर १९३६ मध्ये वाटायला सुरुवात झाली ती कामगारांच्या कमाईची नोंद ठेवून पुढे पेन्शन देता यावं म्हणून. नंबर लपवून ठेवायचा असतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या एका पाकीट कंपनीने नवं कार्ड आत कसं नेटकं बसतं ते दाखवायला पाकिटात नमुन्याचं कार्ड घातलं. त्यावर नंबर छापला कंपनीतल्याच एका सेक्रेटरीचा, खराखुरा. कार्ड आकाराने निम्मं, लाल शाईतलं, वर ठळक ‘नमुना’. तरी पाकीट घेणाऱ्या अनेकांनी तो नंबर बिनधास्त आपला म्हणून लावला. १९४३ मध्ये तो वापरणारे ५,७५५ जण होते. वर्षानुवर्षांचे धरले तर ४०,००० च्या वर. सेक्रेटरीबाईंना नवा नंबर घ्यावा लागला. चोर यात कुणीच नव्हता, पण निस्तरावं लागलं ते ज्यांची चूक नव्हती त्यांनाच.

१९४६ पासून कार्डावर ‘ओळखीसाठी नाही’ अशी ओळ छापली जायची. ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. १९६२ पासून प्राप्तिकर खात्याने हाच नंबर धरला. बँका, कॉलेजं, दवाखाने यांनीही तेच केलं. १९७२ मध्ये ती ओळही गेली. खरी गोची इथे झाली. माणूस कोण हे सांगायलाही हाच नंबर आणि तो तोच आहे हे पटवायलाही हाच. दारावरच्या पाटीनेच कुलूप उघडावं, तसं. त्यात कर्ज झटपट मिळू लागलं, माणूस समोर असायची गरज उरली नाही.

कायद्याला जाग यायला वेळ लागला. १९९८ पर्यंत केंद्रीय कायद्याच्या लेखी नुकसान व्हायचं ते मुख्यतः पैसे बुडालेल्या बँकेचं. ज्याच्या नावावर कर्ज निघालं तो जवळपास खिजगणतीतच नव्हता. त्या वर्षीच्या कायद्याने दुसऱ्याची ओळख वापरणं हाच गुन्हा ठरवला. क्रेडिट ब्युरो म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं, फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या. २००३ च्या कायद्याने तिन्ही मोठ्या ब्युरोंकडून आपल्या नोंदींचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळू लागला. सोय चांगलीच, पण ब्युरोच्या वहीतल्या चुका शोधायचं कामही आता आपलंच झालं.

मग काळजी घेण्याचाच धंदा उभा राहिला. लाइफलॉक कंपनीच्या प्रमुखाने तर जाहिरातीत आपला नंबरच झळकवला: बघा, माझं कोण काय बिघडवतो! लोकांनी बिघडवलं. त्याच्या नावावर कर्जं निघाली, आणि दाव्यांत अतिशयोक्ती केल्याच्या आरोपावरून २०१० मध्ये कंपनीला १.२ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली.

जाहिरातीपेक्षा कामाची निघाली ती क्रेडिट फ्रीझ. रिपोर्ट गोठवला की नवी बँक तो पाहू शकत नाही, आणि रिपोर्ट न पाहता कर्ज सहसा कुणी देत नाही. पण बऱ्याच राज्यांत तिला पैसे पडायचे, तेही प्रत्येक ब्युरोकडे वेगळे. २०१७ मध्ये या तीन ब्युरोंपैकी एक असलेल्या इक्विफॅक्समधून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती फुटली. स्वतःचा कागदन् कागद जपणारे त्यातून कसे वाचणार होते? बोंब झाल्यावर कायदा बदलला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून फ्रीझ देशभर फुकट झाली. आजही ती तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळी करावी लागते. ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलं तर तासाभरात उठवता येते.

फ्रीझने सगळं भागत नाही. चालू कार्डावरचा गैरवापर ती थांबवत नाही, की दुसऱ्याच्या नावाने भरलेलं खोटं कर विवरणपत्रही. खोट्या विवरणपत्रासाठी प्राप्तिकर खातं सहा आकडी पिन देतं. आधी तो मुख्यतः फसवणूक झालेल्यांनाच मिळायचा, २०२१ पासून ओळख पटवून देणाऱ्या कुणालाही मिळतो. दरवर्षी तो बदलतो.